एमआरआयसाठी चुंबकीय नॅनोकण: लोखंडापेक्षा आवरणाकडे लक्ष द्या

लोखंडाचे चुंबकीय कण तयार करणं मुळात अवघड नाही. लोखंडाचे दोन क्लोराइड पाण्यात विरघळवायचे, वरून अमोनिया ओतायचा, की बघता बघता काळाकुट्ट साका तयार होतो. बीकरला बाहेरून चुंबक लावला की तो सगळा त्या बाजूला धावतो. मी हे पहिल्यांदा पाहिलं त्या संध्याकाळी मला वाटलं होतं की काम झालं. त्यानंतरची जवळजवळ दोन वर्षं माझी झटापट चाललेली होती ती त्या काळ्या लोखंडाशी नव्हे, त्याच्यावरच्या आवरणाशी.

कारण शरीराला लोखंड दिसतच नाही. रक्ताला, यकृतातल्या पेशींना, एवढंच काय, साध्या मिठाच्या पाण्यालाही दिसतो तो फक्त वरचा थर. कण तरंगत राहणार की गुठळ्या होऊन खाली बसणार, मिनिटभरात यकृतात गडप होणार की तासन्‌तास रक्तात फिरणार, हे सगळं तो थर ठरवतो. म्हणून नव्याने शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगते की आपण चुंबक करत नाही आहोत, आपण आवरण करत आहोत आणि त्याच्या आत थोडं लोखंड आहे.

खाली दिली आहे ती डेक्स्ट्रानच्या, म्हणजे साखरेच्या रेणूंच्या लांब साखळीच्या, आवरणाची कृती. मोल्डे आणि मॅकेन्झी यांनी ती १९८२ साली प्रसिद्ध केली, तीही प्रतिमांसाठी नव्हे, तर पेशींना खूण लावून चुंबकाने वेगळं काढण्यासाठी. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८१ मध्ये, मासार यांनी आवरणाशिवायचे कण अल्कलीच्या साहाय्याने पाण्यात स्थिर ठेवून दाखवले होते. या दोन कामांवर पुढचा सगळा डोलारा उभा आहे. यापेक्षा एकसारखे, सुबक कण हवे असतील तर उकळत्या सेंद्रिय द्रावकात केलेली कृती आहे, पण तिथले कण तेलात तरंगतात, पाण्यात नाही. मग त्यांचं आवरण बदलत बसा. शिकायचं असेल तर पाण्यापासूनच सुरुवात करा.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. इथून जे निघेल ते प्रयोगशाळेतल्या नळ्यांसाठी, फॅन्टमसाठी (म्हणजे माणसाऐवजी स्कॅनरमध्ये ठेवायच्या नमुन्यांसाठी) आणि पेशींवरच्या चाचण्यांसाठी आहे. माणसाच्या शिरेत जाणारी गोष्ट वेगळ्या कारखान्यात, वेगळ्या नियमांखाली तयार होते आणि त्यामागे वर्षांच्या चाचण्या असतात. फेरुमॉक्सिटॉल हे असंच आवरण असलेलं लोखंड अमेरिकेत २००९ मध्ये मंजूर झालं, मूत्रपिंडाच्या रुग्णांमधल्या रक्तक्षयासाठी, आणि डॉक्टर ते एमआरआयसाठीही वापरू लागले. तरीही २०१५ मध्ये त्याच्या वेष्टनावर जिवावर बेतू शकणाऱ्या अ‍ॅलर्जीचा ठळक इशारा छापावा लागला. इतकी पारखलेली वस्तू असूनही. हे मनात ठेवून पुढे वाचा.

कोणता कण हवा आहे ते आधी ठरवा

एमआरआयची प्रतिमा येते पाण्यातल्या प्रोटॉनपासून. शेजारी चुंबकीय कण असला की आसपासचं क्षेत्र उंचसखल होतं, प्रोटॉनांची एकत्र चाललेली लय लवकर मोडते, ती लय टिकण्याचा काळ, म्हणजे टी-टू, घटतो आणि ती जागा काळी दिसते. म्हणजे आपला कण उजेड करत नाही, अंधार करतो.

यकृताचं उदाहरण घेतलं की हे चटकन कळतं. यकृतातल्या कुप्फर पेशी असे कण खाऊन टाकतात, त्यामुळे निरोगी यकृत काळं पडतं. बाहेरून आलेल्या कर्करोगाच्या गाठीत कुप्फर पेशी नसतात, ती उजळ राहते आणि डोळ्यांत भरते. १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं फेरुमॉक्साइड याच तत्त्वावर चालत असे. डेक्स्ट्रानचं आवरण, आकार साधारण १२० ते १८० नॅनोमीटर, मात्रा दर किलो वजनाला ०.५६ मिलिग्रॅम लोखंड. पुढे ते बाजारातून गेलं, पण कृती समजून घ्यायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.

यकृत नको असेल, रक्तवाहिन्या किंवा लसिकाग्रंथी बघायच्या असतील, तर आवरणासकट आकार ३० नॅनोमीटरच्या आसपास ठेवावा लागतो. फार मोठे कण यकृत आणि प्लीहा लगेच उचलतात. ५-६ नॅनोमीटरपेक्षा लहान गेलात तर मूत्रपिंड गाळून टाकतं. आतलं लोखंड मात्र दोन्हीकडे लहानच असतं, साधारण ५ ते १० नॅनोमीटर. मॅग्नेटाइटचा, म्हणजे लोखंडाच्या या काळ्या चुंबकीय ऑक्साइडचा, कण एवढा लहान असला की त्याची चुंबकीय दिशा नुसत्या उष्णतेने उलटसुलट होत राहते. बाहेरचं क्षेत्र काढलं की त्याच्यात चुंबकत्व उरत नाही. यालाच सुपरपॅरामॅग्नेटिक म्हणतात, आणि हे आपल्या पथ्यावर पडतं, कारण उरलं असतं तर कण एकमेकांनाच चिकटले असते.

तयारी, आणि तिथेच होणारं अर्धं नुकसान

लागतं ते असं: फेरिक क्लोराइड हेक्झाहायड्रेट १.५१ ग्रॅम, फेरस क्लोराइड टेट्राहायड्रेट ०.६४ ग्रॅम, ४० हजार रेणुभाराचा डेक्स्ट्रान, साडेसात टक्क्यांचा अमोनिया, नायट्रोजनचा सिलिंडर, आणि भरपूर शुद्ध पाणी. सगळं काम फ्यूम हूडमध्ये, चष्मा आणि हातमोजे घालूनच. अमोनिया डोळ्यांना वाट बघायला लावत नाही.

आता त्या दोन वजनांकडे नीट बघा. मॅग्नेटाइटमध्ये फेरिक आणि फेरसचं प्रमाण दोनास एक असतं. पण इथे मोलमध्ये हिशेब केलात तर फेरिक ५.५९ मिलिमोल आणि फेरस ३.२२ मिलिमोल येतं, म्हणजे १.७४ ला १. ही चूक नाही. काम चालू असताना थोडं फेरस हवेतल्या ऑक्सिजनने फेरिक होणारच, तेवढं फेरस जास्तीचं घेतलेलं असतं. नायट्रोजनची व्यवस्था चोख असेल तर तुम्ही दोनास एकच्या जवळ जाऊ शकता. मी स्वतः मूळचं प्रमाण बदलत नाही.

फेरस क्लोराइडची बाटली उघडून रंग बघा. फिकट हिरवे खडे हवेत. पिवळट किंवा गंजलेले दिसले तर ती बाटली या कामाची नाही, वजन कितीही अचूक करा. फेरिक क्लोराइड उलट हवेतलं पाणी ओढतं. ओलसर लगदा झालेल्या बाटलीतून १.५१ ग्रॅम मोजलंत तर त्यात लोखंड किती आणि पाणी किती हे तुम्हाला कळणार नाही. मी दोन्ही बाटल्यांवर उघडल्याची तारीख लिहिते आणि तोंड लगेच बंद करते.

पाणी उकळून घ्या, झाकून गार करा आणि त्यातून निदान अर्धा तास नायट्रोजनचे बुडबुडे जाऊ द्या. काचसामान आदल्या दिवशी हायड्रोक्लोरिक आम्लाने धुवा. जुन्या बॅचचा तपकिरी डाग तळाशी राहिला असेल तर नवे कण त्याच्यावर वाढत बसतात.

आणि चुंबकाच्या कांडीने ढवळू नका. हे सांगायची गरज वाटत नाही, पण दर वर्षी कोणी ना कोणी सवयीने ती पांढरी कांडी फ्लास्कमध्ये टाकतं. कण तयार होतात आणि थेट कांडीला जाऊन चिकटतात. वरून बसवायचा, मोटरवर चालणारा, काचेच्या दांड्याचा स्टरर घ्या.

एकाच भांड्यात दोन्ही कामं

माझी पहिल्या वर्षातली एक बॅच सांगते. मी आधी उघडे कण केले, तीनदा धुतले आणि मग त्यांच्यावर डेक्स्ट्रान चढवला. पाण्यात ते झकास दिसत होते, डीएलएसचा (विखुरलेल्या प्रकाशावरून कणांचा आकार मोजणाऱ्या यंत्राचा) आकडाही पटण्यासारखा आला. पेशींवर काम करणाऱ्या एका सहकारिणीला ती नळी दिली. तिने कण कल्चरच्या माध्यमात मिसळले आणि पंधरा मिनिटांत निरोप पाठवला की तळाशी काळी रेती बसली आहे. मी जाऊन बघितलं, खरंच तसं होतं. तिचे तीन आठवड्यांचे पेशींचे डबे त्या दिवशी वाया गेले.

झालं होतं असं: उघडे कण धुताना एकमेकांना बिलगतात. नंतर घातलेला डेक्स्ट्रान एकेका कणाला नाही, त्यांच्या झुबक्यांना गुंडाळतो, आणि तोही वरवर. पाण्यात विजेच्या भाराने झुबके लांब लांब राहतात. मीठ आलं की तो भार झाकला जातो आणि सगळे एकत्र कोसळतात.

म्हणून डेक्स्ट्रान आधीपासूनच भांड्यात हवा. कण जन्मतो त्याच क्षणी साखळी त्याच्याभोवती असायला हवी. तिच्यावरचे हायड्रॉक्सिल गट लोखंडाच्या पृष्ठभागाला धरतात. एकेक पकड कमजोर असते, पण एका साखळीवर त्या शेकड्यांनी असतात, एक सुटली तरी बाकीच्या धरून राहतात. शिवाय साखळ्यांची गर्दी कणाला फार वाढूही देत नाही.

डेक्स्ट्रान आणि पाणी समान वजनाने घेऊन घट्ट द्रावण करा. घाईने पाणी ओतलंत तर पांढऱ्या गाठी होतात आणि त्या फोडण्यात तास जातो. भुकटी थोडी थोडी भुरभुरत घाला, हलकं कोमट ठेवा. यातलं १० मिलिलिटर द्रावण तीन तोंडांच्या फ्लास्कमध्ये घ्या. दुसऱ्या बाजूला लोखंडाची दोन्ही लवणं १० मिलिलिटर नायट्रोजन दिलेल्या पाण्यात विरघळवून लगेच गाळा आणि फ्लास्कमध्ये मिसळा. फ्लास्क बर्फात ठेवा, नायट्रोजन चालू ठेवा, स्टरर जोरात फिरवा. रंग नारिंगीकडे झुकलेला पिवळा दिसेल.

बर्फ मूळ कृतीत नाही, ती भर माझी आहे. गार असताना अमोनिया गेला की तो सगळीकडे सारखा पसरायला अवधी मिळतो, आणि खरी वाढ नंतर गरम करताना होते. माझ्या हातात याने बॅचमधला फरक निम्म्याहून कमी झाला.

आता अमोनिया, थेंब थेंब. हा भाग मला सगळ्यात आवडतो, म्हणून थोडं रेंगाळते. पहिला थेंब पडतो तिथे गंजाच्या रंगाचं एक वेटोळं उठतं आणि ढवळण्यात विरून जातं. दहा-बारा थेंब असेच विरतात. मग एक क्षण असा येतो की वेटोळं विरत नाही, पसरतं, आणि सगळं द्रावण गढूळ तपकिरी होतं. पुढे हिरवट झाक येते. इथे थेंबांचा वेग वाढवायचा मोह होतो, तो आवरा. एका ठिकाणी अमोनिया साचला तर तिथे मोठे कण आणि शेजारी लहान, असा भेदभाव होतो आणि तो नंतर कशानेच निघत नाही.

पीएच १० ते ११ च्या दरम्यान न्यायचा आहे. कागदावर हिशेब केलात तर पाच-सहा मिलिलिटर अमोनियात लोखंड खाली यायला पुरेशी अल्कली होते, म्हणून लोक तिथे थांबतात किंवा मीटर बिघडला असं समजतात. मीटर ठीक असतो. तोपर्यंत भांड्यात अमोनियम क्लोराइड साठलेलं असतं आणि ते अमोनियासोबत बफर तयार करतं, खोलीच्या तापमानाला ९.२५ च्या आसपास, बर्फात त्याहून थोडं वर. आकडा तिथे रेंगाळतो, पुढे सरकायला पहिल्याच्या कितीतरी पट अमोनिया लागतो. घालत राहा. मीटरचा इलेक्ट्रोड या घट्ट काळ्या द्रवात लवकर मंदावतो, म्हणून मी मधून मधून पीएचच्या कागदावरही बघते. काळा थेंब कागदाच्या टोकाशी टेकवायचा, कण जागीच राहतात, स्वच्छ पाणी कागदात पुढे चढतं. रंग त्या पुढच्या ओल्या कडेचा वाचायचा.

मग बर्फ काढा आणि फ्लास्क ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात उतरवा. हिरवट झाक जाऊन द्रावण काळं होताना दिसेल. मूळ कृतीत १५ मिनिटं दिली आहेत. मी तासभर ठेवते, कारण तासाभरानंतरच्या कणांचं चुंबकत्व मला दर वेळी चांगलं मिळालं आहे. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत नायट्रोजन बंद करू नका. काळ्याचं विटकरी तपकिरी झालं तर मॅग्नेटाइट ऑक्सिडाइज होऊन मॅगहेमाइट होत आहे असं समजा. त्याने एमआरआयचं काम अडत नाही, मॅगहेमाइटही चुंबकीयच आहे, फक्त थोडं कमी. पण ते तुम्ही ठरवून व्हायला हवं, सिलिंडर संपला म्हणून नव्हे.

मोकळा डेक्स्ट्रान काढणं

गार झालं की ६०० जी वर पाच मिनिटं सेंट्रिफ्यूज करा, तळाचं फेका, वरचं ठेवा. असं तीनदा. इथे तळाचं म्हणजे गुठळ्या, आणि आपला माल वर तरंगतो आहे. उलट सवय असलेले विद्यार्थी नेमका चांगला भाग सिंकमध्ये ओततात, म्हणून पहिल्या वेळी काहीच फेकू नका, सगळं लेबल लावून ठेवा.

याच टप्प्यावर अनेकजण चुंबक लावून बघतात आणि हिरमुसतात, कारण काही हलत नाही. अहो, हेच हवं आहे. नीट सुटे असलेले दहा नॅनोमीटरच्या आतबाहेरचे कण हातातल्या चुंबकाला दाद देत नाहीत, उष्णतेची धडपड त्यांना पसरवत राहते. मिनिटाभरात सगळं काळं चुंबकाकडे सरकलं आणि मागे स्वच्छ पाणी उरलं, तर तुमच्याकडे सुटे कण नाहीत, झुबके आहेत. गोळा करायचेच असतील तर पोलादी तारांचं जाळं भरलेला कॉलम चुंबकाच्या फटीत ठेवावा लागतो.

यानंतरची पायरी बहुतेक कृतींमध्ये एका ओळीत उरकलेली असते: डायलिसिस करा. मीही तेच करत होते, १२ ते १४ हजारांची नळी घेऊन, तीन दिवस पाणी बदलत. अमोनिया आणि मीठ गेलं. डेक्स्ट्रान गेला नाही, कारण ४० हजारांची साखळी १४ हजारांच्या छिद्रातून जाणार कशी? आणि आपण घातलेल्या डेक्स्ट्रानचा फार थोडा भाग कणांवर बसलेला असतो, बाकीचा मोकळाच असतो. तो राहिला की पुढचं प्रत्येक मोजमाप खोटं बोलतं. आवरण किती ते जास्त दिसतं, पेशींवरचे परिणाम कणांचे की डेक्स्ट्रानचे ते कळत नाही, आणि वाईट म्हणजे मोकळा डेक्स्ट्रान असेपर्यंत कण स्थिर दिसतात, तो काढल्यावरच आवरणाचा खरा दम कळतो.

तेव्हा मिठासाठी डायलिसिस करा, पण डेक्स्ट्रानसाठी जेल फिल्ट्रेशनचा कॉलम लावा. सेफाक्रिल एस-३०० चालतं, कण मोठे असल्यामुळे जेलच्या छिद्रांत न शिरता आधी बाहेर येतात. काळा पट्टा खाली सरकताना दिसतो, तो आला की गोळा करायचा, मागचं रंगहीन पाणी हा डेक्स्ट्रान. कॉलम नसेल तर एक लाख किंवा तीन लाख रेणुभाराच्या पडद्याचे फिल्टर वापरून पुन्हा पुन्हा धुता येतं. घाईने जास्त वेगात फिरवू नका, कण पडद्यावर दाबले जाऊन चिकटतात. आणि कुठल्याही टप्प्यावर नमुना कोरडा पडू देऊ नका.

डेक्स्ट्रान नुसता लपेटलेला असतो, बांधलेला नसतो, हे लक्षात असू द्या. फार पातळ केलात किंवा उष्णता दिलीत तर साखळ्या हळूहळू सुटतात. म्हणून काही जण एपिक्लोरोहायड्रिनने साखळ्या एकमेकींना जोडून कणाभोवती जाळीच विणतात. आवरण मग खरंच पक्कं होतं. पण एपिक्लोरोहायड्रिन विषारी आहे, कर्करोगाला कारण ठरू शकतं, आणि त्याचा अंश शिल्लक नाही हे दाखवण्याची सोय नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

खरं काय आहे ते तपासा

सगळ्यात आधी मिठाची परीक्षा, तीही कुठल्याही महागड्या यंत्राआधी. एका नळीत कण आणि फॉस्फेट बफर सलाइन, दुसरीत कण आणि सीरम घातलेलं कल्चर माध्यम, तिसरीत नुसतं पाणी. ३७ अंशांवर रात्रभर ठेवा. सकाळी नळ्या न हलवता तळाकडे बघा. त्या रेतीच्या घटनेनंतर या परीक्षेशिवाय माझी एकही नळी दुसऱ्याच्या हातात गेलेली नाही.

मग आकार. टीईएममध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात, फक्त लोखंड दिसतं, डेक्स्ट्रान जवळजवळ दिसतच नाही. डीएलएस आवरण आणि त्याला धरून असलेल्या पाण्यासकट आकार सांगतं. त्यामुळे टीईएमचा आकडा ८ आणि डीएलएसचा ४० आला तर घाबरू नका, दोघंही खरं बोलत आहेत. डीएलएसमध्ये एक खोच आहे: प्रकाश विखुरण्याचं प्रमाण व्यासाच्या सहाव्या घातानुसार वाढतं. म्हणजे १०० नॅनोमीटरचा एक कण १० नॅनोमीटरच्या दहा लाख कणांएवढा चमकतो. धुळीचा एक कण सगळं चित्र बिघडवतो, पातळ करायचं पाणी गाळूनच घ्या.

एक्सआरडीमध्ये (क्ष-किरण विवर्तनात) तांब्याच्या किरणांनी ३५.५ अंशांच्या जवळ सगळ्यात उंच शिखर यायला हवं, त्याच्या रुंदीवरून आतल्या स्फटिकाचा आकार काढता येतो. मॅग्नेटाइट की मॅगहेमाइट हे मात्र त्यावरून ठरवू नका, दोघांचे आलेख फार सारखे असतात.

लोखंड किती आहे हे मोजल्याशिवाय पुढचं सगळं निरर्थक आहे, आणि त्याला साधी जुनी पद्धत पुरते. थोडा नमुना तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात रात्रभर ठेवा, काळं जाऊन स्वच्छ पिवळं होईपर्यंत. एखादा काळा ठिपकाही उरता कामा नये. हायड्रॉक्सिलअमिनने सगळं फेरस करा, सोडियम अ‍ॅसिटेटने आम्लता उतरवा, फेनॅन्थ्रोलिन घाला. नारिंगी रंग चढतो, तो ५१० नॅनोमीटरला मोजायचा. सुरुवातीला घातलेलं लोखंड साधारण ४९० मिलिग्रॅम होतं, त्यावरून हाती किती आलं तेही कळतं.

पेशींवर काम असेल तर एंडोटॉक्सिन विसरू नका. तो जिवाणूंच्या भिंतीचा अंश पाण्यातून आणि काचेतून येतो, ०.२२ मायक्रोमीटरच्या गाळणीतूनही पार होतो आणि पेशींना असा चिथावतो की तुम्ही दोष कणांना द्याल. काचसामान २५० अंशांवर अर्धा तास भाजा. चाचणीचा निकाल रंगावर वाचत असाल तर कणांचा स्वतःचा तपकिरी रंग मध्ये येतो, म्हणून चाचणीची रसायनं न घातलेली, फक्त कण असलेली एक नळी नेहमी सोबत ठेवा.

स्कॅनरमध्ये

इथवर आलात की फॅन्टम करा. १ टक्का अगारोजच्या जेलीमध्ये लोखंड ०, ०.०५, ०.१, ०.२ आणि ०.४ मिलिमोलर असेल अशा पाच नळ्या. ०.१ मिलिमोलर म्हणजे दर मिलिलिटरला ५.६ मायक्रोग्रॅम. अगारोज घट्ट व्हायच्या आत हलकेच उलटसुलट करून मिसळा, बुडबुडा राहू देऊ नका, कारण बुडबुडाही काळाच दिसतो.

प्रत्येक नळीचा टी-टू मोजा आणि १ भागिले टी-टू विरुद्ध लोखंडाचं प्रमाण असा आलेख काढा. सरळ रेष आली पाहिजे. तिचा चढ म्हणजे आर-टू, आपल्या कणांची अंधार करण्याची ताकद. तो शंभराच्या आसपास (दर मिलिमोलर, दर सेकंद) असेल तर नुसत्या लोखंडाच्या हिशेबाने ०.१ च्या नळीचा टी-टू शंभर मिलिसेकंद येतो, ०.४ च्या नळीचा पंचवीस; अगारोज स्वतः तो आणखी खाली आणतं. १ मिलिमोलरची नळी मात्र करू नका. तिचा टी-टू दहा मिलिसेकंदांवर येतो, स्कॅनर पहिला प्रतिध्वनी ऐकेपर्यंत बराचसा संकेत संपलेला असतो आणि रेष वरच्या टोकाला वाकते. ते वाकणं कणांचं नसतं, मोजमापाचं असतं.

प्रमाण कमी असूनही रेष वाकली तर मात्र नळ्यांमध्ये झुबके झाले आहेत का ते बघा. झुबक्यांचा आर-टू सुट्या कणांपेक्षा बरेचदा जास्तच येतो. म्हणून नुसता मोठा आकडा आला म्हणून मी खूश होत नाही, आधी त्याच दिवशीचा डीएलएस शेजारी ठेवते.

ठेवताना ४ अंशांवर, अंधारात, बाटली गळ्यापर्यंत भरून आणि वर नायट्रोजन देऊन. फ्रीझरमध्ये कधीही नाही, बर्फाचे स्फटिक कणांना एकमेकांवर ढकलतात आणि वितळल्यावर ते सुटत नाहीत. लेबलवर तारीख, लोखंडाचं प्रमाण, डीएलएसचा आकडा आणि कोणत्या बाटलीतलं फेरस क्लोराइड वापरलं ते लिहा. माझ्याकडे महिन्यातून एकदा प्रत्येक बाटलीतला एक थेंब पुन्हा डीएलएसवर जातो आणि नवा आकडा जुन्याच्या खाली त्याच लेबलवर लिहिला जातो. तीन आकडे ओळीने चढताना दिसले की त्या बाटलीतून कोणालाही काही द्यायचं नाही.